‘उसवण’ची मावशी

इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारी, प्लास्टरची खोली आहे. तिथे मी सव्वीस वर्षं काढली. डॉक्टर फोटो बघतात, हाड ओढून जागेवर बसवतात, आणि मग माणूस माझ्या ताब्यात येतो. कोमट पाण्याची बादली, कापसाचे रोल, प्लास्टरच्या पट्ट्या, आणि प्लास्टर कापायची एक करवत. ती करवत कातडी कापत नाही, नुसती थरथरते. पण हे कितीही समजावलं तरी भलेभले पहिलवान तिला बघून रडकुंडीला येतात.

एवढ्या वर्षांत मला फोटो वाचता यायला लागले. डोक्यावर काठी येते तेव्हा माणूस आपोआप हात आडवा धरतो, आणि कोपराखालचं, करंगळीच्या बाजूचं हाड मधोमध तुटतं. पडलेल्या माणसाचं मनगट जातं, हे हाड सहसा जात नाही. आणि जो मुठीने दुसऱ्याला मारतो, त्याचं करंगळीच्या गाठीमागचं हाड मोडतं. दोघंही चिठ्ठीवर लिहायला एकच सांगतात. पडलो.

त्या रविवारी दुपारी तिघं एकदम आत आले. दोन मुलगे, एक मुलगी. विशी नुकतीच ओलांडलेली, अंगात काळे कपडे, केस कपाळावरून डोळ्यांवर, आणि डोळ्यांभोवती काजळ. ते काजळ रक्तात आणि घामात कालवून हनुवटीपर्यंत ओघळलं होतं. पुढच्या मुलाच्या भुवईला ताजे सात टाके होते. मागचा जाडजूड मुलगा आपला डावा हात उजव्या हातात घेऊन, तान्हं बाळ सांभाळावं तसा चालत होता. मुलीच्या डाव्या हाताची दोन बोटं काळीनिळी होऊन दुप्पट सुजली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"स्कूटरवरून पडलो," टाके घातलेला म्हणाला.

"तिघंही?"

"तिघंही."

"एकाच स्कूटरवर होता?"

"हो."

"मग पडायलाच हवं होतं."

जाड मुलगा हसला, हसताना हातात कळ गेली, आणि तो तसाच हसता हसता रडायला लागला. त्याचा फोटो उजेडात धरला. करंगळीच्या बाजूचं हाड, अगदी मधोमध. मुलीच्या बोटांवर बुटाच्या तळव्याची नक्षी उमटली होती, शिक्का मारल्यासारखी स्वच्छ. स्कूटर काही बूट घालत नाही.

"मावशी, काठी धरता येईल ना मला?" जाड मुलाने विचारलं.

"आता काठी कशाला पाहिजे?"

"ड्रमची काठी. वाजवतो मी."

"सहा आठवडे चमचासुद्धा धरायचा नाही."

"अंगठा तरी मोकळा ठेवा. तुमच्या पाया पडतो. आत्ता वाकता येत नाहीये, नंतर पडतो."

मी पट्टी अंगठ्याच्या मुळापासून जरा मागे घेतली. नियमात बसत होतं, जेमतेम. पट्ट्या गुंडाळताना तो ओठ चावत होता, म्हणून टाकेवाला त्याच्या कानाशी वाकून काहीतरी गुणगुणायला लागला, आणि मुलगी चांगल्या हाताने माझ्या लोखंडी स्टुलावर ठेका धरायला लागली. एवढा मार खाऊन आलेली माणसं माझ्या खोलीत गाताना मी पहिल्यांदा बघितली.

तेव्हा कळलं की यांचा बँड आहे. नाव ‘उसवण’.

"कसली गाणी म्हणता?"

"रडकी," जाड मुलगा म्हणाला.

"इमो म्हणतात त्याला," टाकेवाल्याने दुरुस्ती केली. "म्हणजे रडायचं, पण गिटार लावून, ओरडून, सगळ्यांसमोर."

"रडणं ऐकायला लोक येतात?"

"चाळीसेक येतात."

"मारायला चार येतात," मुलगी म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे असं बघितलं की मला कळलं, ही क्वचित बोलते आणि बोलली की पंचाईत होते. तिच्या बोटांना पत्र्याच्या पट्ट्या लावल्या, चिकटपट्टीने बांधल्या. तिने हूं की चूं केलं नाही. तिला सगळे मौनी म्हणतात. ती बास वाजवते, म्हणजे ती चार जाड तारांची, घुमणारी गिटार. त्यासाठी नेमकी तीच बोटं लागतात.

साडेपाचला एक माणूस आला. तिशीचा, रुंद खांद्यांचा, गोदामात पोती उचलणारा. माझ्या बाकावर एक म्हातारी बसली होती, तिला त्याने रांगेतला आपला नंबर दिला, तिची पिशवी धरली. असा माणूस दिवसातून एखादाच भेटतो. त्याची पाळी आली तेव्हा म्हणाला, "ताई, सावकाश करा, घाई नाही."

उजव्या हाताची करंगळीमागची गाठ आत गेली होती.

"कसं झालं?"

"दारावर आपटला."

गाठींवरची कातडी सोलवटली होती. मी स्पिरिटचा बोळा फिरवला, तर कापूस काळा झाला.

"ऑइल आहे," तो म्हणाला.

ऑइल कसं असतं ते मला माहीत आहे. मी दुसरा बोळा घेतला, तिसरा घेतला, सगळं काजळ पुसून काढलं आणि बोळे डब्यात टाकले. मग त्याची चिठ्ठी बघितली. आडनाव मौनीचं. पत्ता मौनीचा. मान वर करून बघितलं, तर हनुवटीसुद्धा मौनीचीच.

डॉक्टरांनी हाड बसवलं, मी प्लास्टर घातलं. छान घातलं. जाताना त्याने दोन्ही हात जोडायचा प्रयत्न केला, प्लास्टरमुळे जुळले नाहीत, त्यावर तो लाजून हसला. आणि मी गप्प बसले.

गप्प बसायची मला सवय आहे. माझ्या नवऱ्याने माझा हात दोनदा मोडला, दोन्ही वेळा तेच, करंगळीच्या बाजूचं हाड, मधोमध. तेव्हा माझ्या वरती एक म्हातारे प्लास्टरवाले होते, आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. माझा फोटो त्यांनी उजेडात धरला, बराच वेळ धरला, आणि मग पाणी कोमट आहे का ते बघितलं. एक शब्द विचारला नाही. त्यांनी विचारलं नाही म्हणून मी त्यांचे उपकार मानले, आणि त्याच गोष्टीसाठी त्यांना आजवर माफ केलेलं नाही. दुसऱ्यांदा हात मोडल्यावर मी नवरा अंघोळीला गेलेला असताना घरातून निघाले. चपलासुद्धा हातात घेतल्या होत्या, आवाज नको म्हणून.

मौनी दर रविवारी पट्टी बदलायला यायची. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून भिंगं घासायचं तिचं काम. दिवसभर यंत्राचा आवाज, त्यामुळे बोलायची गरज नाही, हे तिला फार सोयीचं. दुसऱ्या रविवारी तिने मला न विचारताच माझ्या कानात इअरफोन घातला. पहिल्यांदा वाटलं, भांडी पडली. मग त्या गोंधळातून त्या टाकेवाल्या मुलाचा आवाज आला, कापड टरकावल्यासारखा: "दार उघडं ठेव, मी जाताना आवाज करणार आहे."

माझ्या हातात कात्री होती. ती खाली ठेवावी लागली.

"हे कुणी लिहिलं?"

तिने स्वतःकडे बोट केलं. पट्टीतलं, वाकडं बोट.

अशी मी एकोणपन्नासाव्या वर्षी फॅन झाले. घरी भाजी चिरताना, बसमध्ये, प्लास्टर भिजवताना. एक्स-रेवाला म्हणायचा, "बाई, वय बघा, भजनं ऐका." मी म्हणायचे, "तू फोटो काढ."

तिसऱ्या रविवारी मी तोंड उघडलं. "तुझ्या दादाने मारलं ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्याचा हात मीच बांधला."

तिने मान हलवली आणि विचारलं, "नीट बांधला ना?"

मग तुकड्यातुकड्याने तिने सांगितलं. वडील गेले तेव्हा ती सहा वर्षांची, तो पंधराचा. तेव्हापासून तो पोती उचलतो. तिची शाळा, तिचा चष्मा, तिचे बूट, सगळं त्याने केलं. केस विंचरायलासुद्धा तोच शिकला, कारण आई सकाळी सहाला कामावर जायची. मग बँडचा एक व्हिडिओ गोदामात फिरला. कुणीतरी म्हणालं, तुझी बहीण दोन पोरांबरोबर भूत बनून किंचाळते, लाज नाही वाटत? त्या दिवशी त्याने तिची पहिली गिटार भिंतीवर आपटून फोडली. त्या रविवारी तो तीन मित्र घेऊन बसस्टॉपवर आला. टाकेवाल्याला त्याने मुठीने मारलं, मित्रांनी जाड्याच्या डोक्यावर काठी उचलली. मौनी मध्ये पडली, तर तिचा हात जमिनीवर दाबून बोटांवर बूट ठेवला.

"कुणी ठेवला?"

"दादाने." मग म्हणाली, "तो रडत होता ठेवताना."

"पोलिसात जाऊ. मी येते बरोबर."

"नको."

"पुन्हा मारेल."

"नको, मावशी."

आणि मी दुसऱ्यांदा गप्प बसले.

जाड मुलाचं प्लास्टर निघाल्यावर पहिल्याच रविवारी त्यांचा कार्यक्रम होता, आणि मला खास निमंत्रण. जाड मुलगा, ज्याला सगळे धडाम म्हणतात, गाड्या धुण्याच्या सेंटरमध्ये कामाला होता. रविवारी ते बंद असायचं, आणि मागच्या शेडमध्ये हे वाजवायचे. दुपारी चार वाजता मी पोहोचले तर चाळीस-पन्नास पोरं, सगळी काळ्या कपड्यांत, आणि मी फुलाफुलांच्या कपड्यांत, हातात पर्स. एकीने माझ्यासाठी टायर उलटा करून त्यावर पुठ्ठा टाकला. मानाची जागा.

इथे मला या तिघांबद्दल जरा सांगू द्या, कारण पुढे जे झालं त्यात हे सांगायचं राहून जाईल.

गाणाऱ्याला काजळ्या म्हणतात. कपडे दुरुस्त करायच्या दुकानात तो पँटी आखूड करतो, चेन बसवतो. बँडचं नाव तिथलंच. विचार करताना ओठांत टाचण्या धरायची त्याला सवय, त्यामुळे चाल सुचली की आधी टाचण्या काढतो, मग बोलतो. गाताना मात्र सगळं सोडून देतो. मान मागे, डोळे मिटलेले, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या. गाणं संपलं की लगेच विचारतो, "जास्त झालं का?" धडाम ड्रम बडवतो तेव्हा वाटतं, आता शेड कोसळणार. पण एखादा ठोका चुकला की ड्रमला "सॉरी, सॉरी" म्हणतो, मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. दुःखाच्या गाण्यात तो खरोखर रडतो आणि नाक पुसायला हात मोकळा नसतो. आणि मौनी एका बाजूला, भिंतीला पाठ लावून, कुणाकडे न बघता. ती तार छेडते तेव्हा टायरमधून, पुठ्ठ्यातून, माझ्या मांड्यांतून आवाज वर येतो. या दोघांचा आरडाओरडा ज्याच्यावर उभा आहे तो हा आवाज.

तीन गाणी झाली. चौथं सुरू होताना शटर वर गेलं.

दादा पुढे होता, मागे तिघं. हातांत लोखंडी सळया. दादाच्या उजव्या हातावरचं प्लास्टर मीच तीन आठवड्यांपूर्वी कापलं होतं. त्याने मला ओळखलं नाही. त्याला मौनीशिवाय कुणी दिसतच नव्हतं.

"घरी चल," तो म्हणाला.

मौनी म्हणाली, "गाणं संपू दे."

त्याने तिचे केस धरले. काजळ्या मध्ये आला, हातात माईक, म्हणाला, "दादा, ऐका तर." एका मित्राने सळई आडवी फिरवली. माईक चालू होता, त्यामुळे जबडा मोडल्याचा आवाज स्पीकरमधून सगळ्यांना ऐकू आला. मी आयुष्यभर हाडांत काम केलं, पण हाड मोडतानाचा आवाज एवढा मोठा कधी ऐकला नव्हता. पोरं किंचाळत शटरकडे पळाली. काजळ्या गुडघ्यांवर बसला आणि तोंडातून दात ओंजळीत घेतले, सांडू नयेत तसे. धडाम ड्रमवरून उडी मारून आला, एवढ्या वजनाचा मुलगा, आणि त्याने सळईवाल्याला मिठी मारून खाली पाडलं. दुसऱ्याने त्याच्या पाठीवर मारायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, गादी झोडपावी तसं. धडामने मिठी सोडली नाही.

दादा मौनीला केसांनी ओढत शटरकडे नेत होता. तिने बास सोडली नव्हती. ती फरशीवर घासत होती, आणि वायर जोडलेली असल्यामुळे स्पीकरमधून भयंकर खरखर येत होती.

शेडच्या खांबाला गाड्या धुण्याची पाण्याची बंदूक लटकत होती. लांब लोखंडी नळी, पुढे बारीक तोंड. धडामने मला आल्या आल्या दाखवली होती, हौसेने: "मावशी, हिच्यापुढे बोट धरलं तर कातडी जाते." मी बटण दाबलं, मोटार गुरगुरली, आणि मी खटका ओढला.

पहिला फवारा धडामला झोडपणाऱ्याच्या मानेवर बसला. तो सळई टाकून पळाला. धडामच्या मिठीतल्या दुसऱ्याच्या कानाखालून रक्त आलं, तोही सुटून पळाला. तिसरा आधीच गेला होता. मग मी दादाकडे वळले. छातीवर मारलं, तोंडावर मारलं. त्याने केस सोडले, डोळे झाकले, घसरून पडला. मौनी बाजूला झाली.

खरं म्हणजे तिथे सगळं संपलं होतं. तो खाली पडला होता, आंधळ्यासारखा चाचपडत होता, उजवा हात फरशीवर टेकून उठायला बघत होता. मी खटका सोडला. नळी उलटी धरली, जड बाजू खाली, आणि दोन पावलं पुढे जाऊन त्या हातावर मारली. कुठे मारायचं ते मला माहीत होतं. तीन आठवड्यांपूर्वी प्लास्टरमधून निघालेलं हाड कुठे कच्चं असतं, ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? करंगळीच्या गाठीमागे. पहिल्या फटक्यात गेलं. तरी मी आणखी दोनदा मारलं. तो "आई" म्हणाला. माझ्या डोळ्यांसमोर तो नव्हताच, माझा नवरा होता, असं म्हणता आलं असतं. पोलिसांना मी तसं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं नंतर वकीलही म्हणाला. पण मला तो दिसत होता. म्हातारीची पिशवी धरणारा, हात जोडताना लाजणारा, तोच. बघून मारलं.

मौनीने माझ्या कमरेला मिठी मारून मला मागे ओढलं, तेव्हा थांबले.

पोलीस आले, गाड्या आल्या. सगळ्यांना आमच्याच इस्पितळात नेलं. दादाच्या हाताचा फोटो एक्स-रेवाल्याने काढला, आणि बाहेर येऊन माझ्याकडे बघून नुसता "बाई" म्हणाला. हाताचे तुकडे झाले होते, ऑपरेशन करून तारा घालाव्या लागल्या.

मला कामावरून काढलं नाही, पण चौकशी संपेपर्यंत घरी बसवलं. चौथ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. दारात मौनीची आई. मी काही म्हणायच्या आत तिने माझ्या मुस्काटात मारली. हात कामाचा होता, कानात शिटी वाजली.

"माझ्या पोराचा हात गेला," ती म्हणाली. "त्या हातावर घर चालतं."

"त्या हाताने तो तुमच्या मुलीला मारत होता."

"माहीत आहे मला! मला काय माहीत नाही?" आणि तिने दुसऱ्या गालावर मारली. पहिलीपेक्षा हळू. मग ती माझ्या उंबऱ्यावरच बसली. मी पाणी आणलं. ती प्यायली, तिने पेला स्वतः धुऊन पालथा ठेवला आणि गेली. त्या बाईवर मला राग धरता आला नाही. प्रयत्न केला होता.

जबानीच्या दिवशी मला वाटलं होतं, मौनी काही बोलणार नाही. भावाविरुद्ध कोण बोलतं? मी बाहेर बाकावर बसले होते. ती आत गेली ती पावणेदोन तास बाहेर आली नाही. नंतर हवालदार मला म्हणाला, "ही मुकी आहे म्हणून कुणी सांगितलं? साहेबांनी तीन पेनं बदलली." तिने सगळं सांगितलं. गिटार, बूट, सळया, जबडा. आणि मी खाली पडलेल्या माणसाला तीनदा मारलं, तेही. एकही गोष्ट गाळली नाही. मी विचारलं, "माझंही सांगितलंस?" ती म्हणाली, "खरं होतं ना."

दादाला चौदा महिन्यांची शिक्षा झाली. दोन मित्रांना जास्त. मला कोर्टाने ताकीद देऊन सोडलं, आणि इस्पितळाने प्लास्टरच्या खोलीतून उचलून पहिल्या मजल्यावरच्या भांडारात बसवलं. आता मी चादरी मोजून देते. हाडांना हात लावायचा नाही, असा लेखी हुकूम आहे. वाईट वाटलं, पण हुकूम चुकीचा आहे असं मला म्हणता येत नाही.

काजळ्याचा जबडा तारेने सहा आठवडे बांधलेला होता. नळीने पातळ अन्न, बोलणं बंद. पाटीवर लिहायचा. पहिल्या दिवशी मी भेटायला गेले तर लिहिलं, "जास्त झालं का?" मी हसले आणि बाहेर जाऊन रडले. तार निघाली तेव्हा जबडा थोडा तिरका बसला होता. ‘स’ म्हटला की शिटी यायची, आणि वरचा सूर लावला की कानाजवळ असं दुखायचं की डोळ्यांत पाणी. डॉक्टरांनी सांगितलं, तसं ओरडून गाणं आता विसरा.

तिघं धडामच्या खोलीत बसले होते, मीही होते. धडामची पाठ अजून दुखत होती, तो पोटावर झोपून बोलत होता. म्हणाला, "बंद करायचं का मग?" काजळ्याने ओठांतल्या टाचण्या काढल्या. एकेक करून उशीत खोचल्या. मग त्याने मौनीच्या मांडीवरची बास उचलली आणि स्वतःच्या मांडीवर घेतली.

"शिकव," तो म्हणाला. "गाणी तुझीच आहेत. तू म्हण."

"मला येत नाही."

"मला कुठे येत होतं? मी ओरडायचो. तू ओरड."

पुढचा कार्यक्रम पाच महिन्यांनी झाला. सेंटरच्या मालकाने शेड द्यायला नकार दिला, म्हणून एका बंद पडलेल्या छापखान्यात, दुपारीच. या वेळी शंभरावर पोरं होती. मार खाल्ल्यामुळे नाव झालं होतं, हे मौनीला अजिबात आवडलं नाही. ती माईकसमोर उभी राहिली ती मिनिटभर नुसती उभीच. कुणीतरी शिटी मारली. धडाम काठ्या आपटून वाट बघत होता. मग ती गायली.

चांगली गायली असं मी म्हणणार नाही. आवाज जाड, सूर इकडेतिकडे, दुसऱ्या कडव्यात ताल सुटला. पण पंधरा वर्षं जो घशात दाबून ठेवला होता तो आवाज बाहेर पडायला लागला तेव्हा समोरची पोरं एक पाऊल मागे सरकली. ती गातच नव्हती, ती मारत होती. शब्दाशब्दाला मूठ आवळायची, ओठ फुटून रक्त आलं तेही तिला कळलं नाही. ‘दार उघडं ठेव’ म्हणताना ती एवढ्या जोरात ओरडली की माईक बंद पडला आणि तिचा आवाज माईकशिवाय तसाच शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला. काजळ्या बाजूला बास वाजवत होता, चुकत होता, आणि तिरक्या जबड्याने हसत होता. माझ्या दोन्ही मुठी वळल्या होत्या. त्या उघडायला मला बराच वेळ लागला.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी मौनी तुरुंगात दादाला डबा घेऊन जाते. मी बरोबर जाते, आत जात नाही. तो माझं नाव काढत नाही आणि मीही आग्रह धरत नाही. फाटकासमोर एक बाक आहे, तिथे बसते. गेल्या महिन्यात ती बाहेर आली आणि रिकामा डबा मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसली.

"त्याची बोटं वळत नाहीत," म्हणाली. "चमचा डाव्या हाताने धरतो."

मी मांडीवरची पर्स बाजूला ठेवली.

"मावशी, तुम्ही मुद्दाम तिथेच मारलं ना?"

"हो."

तिने मान हलवली. तिच्या ओठावर आदल्या रविवारच्या गाण्याची खपली होती. राग होता की नव्हता, मला कळलं नाही. तिच्या चेहऱ्यावर कधीच काही कळत नाही.

"काय केलं तर वळतील?"

हाडांना हात लावायचा नाही असा मला हुकूम होता, पण तो इस्पितळातला. मी तिचा हात घेतला, तीच दोन मोडलेली बोटं असलेला, आणि माझ्या मांडीवर उपडा ठेवला. कुठे धरायचं, कुठून दाबत यायचं, किती वाकवायचं आणि माणूस ओरडला तरी कुठपर्यंत थांबायचं नाही, ते दाखवलं. रोज वीस वेळा. कोमट पाण्यात असेल तर उत्तम, पण तुरुंगात कोमट पाणी कोण देणार.

"आता माझ्या हातावर करून दाखव," मी म्हणाले.

तिने केलं. फार जोरात दाबलं, आणि मी तिला सांगितलं, हळू.